खाली पाच, वर आठ

१

हिरामण तरे सापडले ते दिवेलागणीला, पाड्याच्या धक्क्याशेजारच्या तिवरांत. भरतीचं पाणी वर चढत होतं. तिवराच्या मुळांशी कापडाच्या गठाणींना गुंडाळतात तसलं जाड निळं प्लास्टिक अडकून हेलकावत होतं. खाडीला प्लास्टिकचं काय नवल? राहनाळच्या गोदामांमधून तसलं रोज वाहत येतं. शेजारच्या मोरूने काठीने ते बाजूला सारलं, तेव्हा खालून एक हात वर आला.

मृणालीला निरोप मिळाला आणि ती भिवंडीहून रिक्षाने पोचली, तोवर काकांना धक्क्यावर आणून ठेवलं होतं. बाप लहानपणीच गेलेल्या मृणालीला याच माणसाने वाढवलं होतं, शिकवलं होतं. आज ती हायस्कुलात दहावीला गणित शिकवत होती ती त्यांच्या जिवावर. पाड्यावरची सगळी माणसं गोळा झाली होती, पण कोणी मोठ्याने रडत नव्हतं. फक्त दूर खालच्या अंगाला रेती काढणाऱ्या बार्जचा धडधड आवाज येत होता, आणि त्या आवाजाकडे सगळे कान देऊन उभे असल्यासारखे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसांत पाणी नाही. डोक्याच्या मागे जबर घाव होता आणि माणूस दुपारच्या आत मेला होता. म्हणजे काका बुडाले नव्हते. मारून पाण्यात टाकले गेले होते.

त्याच संध्याकाळी पोलिसांनी काकांच्या मुलाला, भावेशला, घरातून उचलून नेलं.

२

"मॅडम, तुमचा भाऊ आहे, तुम्हाला वाईट वाटणारच," उपनिरीक्षक कुमार जगदाळे म्हणाला. घाटावरचा माणूस, भिवंडीत बदली होऊन आलेला. आवाजात उर्मटपणा नव्हता, पण शंकाही नव्हती. "बापलेकांचं सकाळी धक्क्यावर भांडण झालं. अख्ख्या पाड्याने ऐकलं. बांधालगतची जमीन गोदामाला द्यायची म्हणून पोरगा अडून बसलेला, बाप सही करत नव्हता. भांडणानंतर बाप बांधाच्या वाटेने गोदामांकडे निघाला. पोरगा कुठे होता? म्हणतो, घरामागे एकटाच बसलो होतो. दुपारी बारापासून तो भिवंडीत लूमच्या कारखान्यात होता, वीस माणसं साक्षीला आहेत. पण दुपारच्या आधीचं काय?"

"आणि दुसऱ्या कोणाची चौकशी?"

"केली ना. मोरूशी मासे पकडायच्या जागेवरून वाद होता. तो त्या दिवशी सकाळपासून अंबाडीला साखरपुड्यात, संध्याकाळी परतला. दुसरा मनोज."

मनोज काकांच्या बहिणीचा मुलगा. राहनाळला त्याची पाच गोदामं होती आणि खाडीत रेतीचा धंदा. ती जमीन खरं तर त्यालाच हवी होती.

"मनोजशेठ सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत होडीवर होते," कुमार म्हणाला. "त्यांचा होडीवाला रघू सोबत होता. दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. मिनिटाचा फरक नाही."

मिनिटाचा फरक नाही, हे शब्द मृणालीला बरे वाटले नाहीत. तिच्या वर्गात दोन पोरांच्या उत्तरांत अक्षराचाही फरक नसला, की ती दोघांना वेगळं बसवत असे.

३

गुणाबाई, तिची काकी, ओट्यावर बसून होती. दोन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"बाय, मी त्या पोलिसाला सांगला," ती म्हणाली. "तो म्हनतो, पोराने बापाला सकाली मारून धक्क्यापाशी पान्यात टाकला, आन् तो तिवरांमदी अडकून रायला. आरं, दुपारी सुकती व्हती. खाडीचा तल उघडा पडला व्हता. मी आन् चार बायका त्याच तिवरांत चिखलात निवट्या पकडत व्हतो. तिथं मानूस व्हता तर आमाला दिसला नसता?"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हनला, आई पोरासाठी कायपन बोलंल. त्या बायका तुमच्याच भावकीतल्या."

"कोणती तिथी होती त्या दिवशी?"

"अष्टमी. भांगाचा पानी, जोर नाय त्याला. दिवस उगवला तवा भरती भरलेली, मंग वोहोटी लागली ती दुपार कलेपरत. आमी चिखलातून वर आलो तवा कुठं पानी परत फिराय लागला."

काका दुपारी तिवरांत नव्हते आणि संध्याकाळी होते. मधल्या वेळात ते कुठून तरी आले होते. मेलेला माणूस चालत येत नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी सुमो येऊन थांबली. कोणी उतरलं नाही. काच अर्धी खाली झाली, कोणीतरी घराकडे पाहिलं आणि गाडी तशीच उलटी निघून गेली. काकीने पदर तोंडावर ओढला. "कालपासनं तिसऱ्यांदा," ती म्हणाली.

४

मनोजच्या गोदामात कापडाच्या गठाणींची थप्पी छतापर्यंत गेली होती. मधल्या वाटेत दिवसाही दिवा लावावा लागे. तो टेबलामागे बसला होता. आजोबा खाडीत होडी वल्हवायचे, पण नातवाच्या पायाला आता चिखल माहीत नव्हता.

"मामा गेला, मलाही झोप नाही," तो म्हणाला. "भावेशला वकील मीच दिलाय. काय विचारायचंय ते विचार, मृणाली."

"त्या सकाळचं सांग, दादा. काकांना बांधावर कोणी पाहिलं असेल तर कळेल."

"मी बांधावर नव्हतो, होडीवर होतो. रघू, सांग ताईंना."

रघू दाराशी उभा होता. अंबाडीच्या पलीकडच्या डोंगरगावचा शेतकऱ्याचा पोरगा, सहा महिन्यांमागे इंजिन चालवायला म्हणून आलेला. त्याची नजर जमिनीवरून हलत नव्हती.

"पैल्या फेरीला पाड्याच्या धक्क्यावरून निघालो," तो पाठ म्हटल्यासारखा बोलला. "खाली रेतीच्या धक्क्याला डिझेल दिलं. तिथून वर आलो, पाडा ओलांडून थेट गोदामाच्या धक्क्यापोत. बासष्ट मिनिटं. दुसऱ्या फेरीला गोदामाच्या धक्क्यावरून भिजलेला माल घेतला, रेतीच्या धक्क्याला टाकला, आन् मागं पाड्याला आलो. अडुसष्ट मिनिटं. थांबलो त्यो टाइम धरला न्हाय."

"इतकं नेमकं कसं लक्षात?"

उत्तर मनोजने दिलं. "मी प्रत्येक फेरीची वेळ मोबाइलवर लावतो. नाहीतर पोरं डिझेल विकतात. इंजिनाचं हँडलही एकाच जागी बांधून ठेवलंय, कमी-जास्त करायचं कामच नाही." तो हसला. "तू गणिताची बाई. आकडे खोटं बोलत नाहीत, हे तुला मी काय सांगू?"

मृणाली उठली. बाहेर पडताना रघूने क्षणभर वर पाहिलं. असा चेहरा तिने परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिला होता. पाठ केलेलं सगळं लिहून झालेलं आणि त्यातलं काहीच कळलेलं नसतं, अशा पोराचा.

५

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, तेव्हा तिने दार लोटलं आणि खडू घेतला. रचलेल्या गोष्टीतले आकडे सहसा जुळत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. समीकरणं मांडली की उत्तर विचित्र अपूर्णांकात येतं, नाहीतर होडीचा वेग विमानाएवढा निघतो. मनोजच्या फेऱ्या खोट्या असतील तर फळ्यावर कळेल, एवढीच तिची आशा होती.

अंतरं तिला लहानपणापासून पाठ होती. पाड्याच्या धक्क्यापासून रेतीचा धक्का खाली पाच किलोमीटर, गोदामाचा धक्का वर तीन. म्हणजे पहिल्या फेरीत होडी पाच किलोमीटर खाली गेली आणि आठ वर आली. दुसऱ्या फेरीत आठ खाली, पाच वर. एक किलोमीटर खाली जायला लागणारी मिनिटं क्ष मानली, वर यायला लागणारी य.

५क्ष + ८य = ६२
८क्ष + ५य = ६८

दहावीच्या पोरांना ती हेच शिकवायची, की असे उलटसुलट आकडे आले तर आधी बेरीज करा, मग वजाबाकी. बेरीज केली: १३क्ष + १३य = १३०, म्हणजे दोन्ही मिळून दहा. खालच्यातून वरचं वजा केलं: ३क्ष − ३य = ६, म्हणजे दोघांत फरक दोनाचा. बेरीज दहा आणि फरक दोन. क्ष सहा, य चार.

खडू तिच्या हातात तसाच राहिला. उत्तर स्वच्छ, पूर्णांकी आलं होतं. होडीचा वेगही होडीसारखाच. म्हणजे या फेऱ्या खरोखर झाल्या होत्या. मनोज खरं बोलत होता, आणि भावेश आत सडणार होता.

ती पुसायला वळली आणि डस्टर उचलता उचलता थांबली. क्ष सहा, य चार. खाली जायला सहा मिनिटं, वर यायला चार.

खाली, समुद्राकडे जायला जास्त वेळ? सकाळी नऊला तर ओहोटी होती. पाणी समुद्राकडे ओढत होतं. खाली जाणारी होडी पळायला हवी आणि वर येणारी धापा टाकायला हवी. तिने चार आणि सहाची अदलाबदल करून पुन्हा मांडलं. ओहोटीत पहिल्या फेरीला अडुसष्ट मिनिटं लागली असती आणि दुसरीला बासष्ट. मनोजचे आकडे बरोबर उलटे होते.

फेऱ्या खऱ्या होत्या, वेळ खोटी होती. त्या होडीखालचं पाणी भरतीचं होतं, आणि त्या दिवशी भरती लागली ती दुपार कलल्यावर.

"माझे आकडे इथे काय करतायत?"

मनोज दारात उभा होता.

६

तो आत आला आणि फळ्यासमोर उभा राहिला. बासष्ट आणि अडुसष्ट हे दोन आकडे त्याने बोटाने टोचल्यासारखे दाखवले. बाकीचं त्याला वाचता येत नव्हतं, हे तिला त्याच्या भुवयांवरून दिसलं. शाळेत तो तिच्या दोन वर्षं पुढे होता आणि गणितापाशीच थांबला होता.

"शाब्दिक उदाहरण," ती म्हणाली. "पोरांना होडी आणि प्रवाहाची उदाहरणं जड जातात. तुझं आठवलं म्हणून घेतलं."

"उत्तर काय आलं?"

"सहा आणि चार."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या फेऱ्या झाल्या. आकडे जुळतात."

मग त्याने तळहाताने फळा पुसला. डस्टर शेजारीच होतं, पण त्याने हातानेच पुसला, सावकाश, एकेक ओळ. पांढरा झालेला हात त्याने रुमालाला पुसला आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"भावेशने काल कोठडीत कागदावर सही केली," तो म्हणाला. "वकिलाने समजावलं त्याला. जमिनीचा प्रश्न मिटला, आता घरच्यांनीही मिटवून घ्यावं. आणि तू संध्याकाळी खाडीच्या रस्त्याने येतेस ना? जपून येत जा. रेतीच्या गाड्यांना कुठे ब्रेक असतात."

तो गेल्यावर तिने शाळा सुटायची वाट पाहिली नाही. मुख्य फाटकातून न जाता मागच्या बाजूने निघाली, रिक्षा केली आणि भिवंडीच्या पोलीस ठाण्याचा रस्ता धरला. अंजूरफाट्याच्या अलीकडे तिने मागे वळून पाहिलं. रेती गळत असलेला एक डंपर त्यांच्या मागे होता. रिक्षा हळू झाली की तो हळू होत होता.

"भैया, गल्लीतून घ्या," ती म्हणाली. "आत, लूमच्या गल्लीतून. जिथे ट्रक शिरणार नाही तिथून."

७

कुमारने सगळं ऐकून घेतलं. तिने कागदावर पुन्हा मांडलेलं गणित त्याने दोनदा वाचलं.

"मॅडम, मला पटतंय," तो अखेर म्हणाला. "पण कोर्टात मी क्ष आणि य उभे करू शकत नाही. शेठ म्हणेल, घड्याळ बघायला चुकलो."

"मग रघूला बोलवा. मनोजलाही बोलवा. मला रघूला एकच प्रश्न विचारायचा आहे, पाण्याचं नावही न घेता."

दोघं आले तेव्हा बाहेर ऊन उतरत होतं. मनोज खुर्चीत बसला, रघू भिंतीला टेकून उभा राहिला. मृणालीने मनोजकडे पाहिलंच नाही.

"रघू, रेतीच्या धक्क्याला तू होडी कशी बांधलीस?"

"म्होरल्या कडीला दोर लावून, खांबाला."

"डिझेल उतरवेपर्यंत होडी दोराने ताणलेली असणार. तिचं मागचं टोक कुठे होतं? पाड्याच्या बाजूला की समुद्राच्या?"

रघूकडून पाठ करून घेतलेल्यांतला हा प्रश्न नव्हता. त्याने डोळे बारीक केले, आठवून पाहिलं. "पाड्याच्या," तो म्हणाला. "दोन्ही टायमाला पाड्याच्याच बाजूला."

बांधलेली होडी पाणी जिकडे वाहतं तिकडे शेपूट करते, हे खाडीकाठच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. डोंगरातल्या रघूला ते ठाऊक नव्हतं. मनोजला ठाऊक होतं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग एकदम म्हातारा.

"पाणी वर येत होतं," मृणाली कुमारला म्हणाली. "भरती. म्हणजे हे सकाळी नऊचं नाही, दुपार उलटल्यावरचं आहे. याने सगळं खरं सांगायला लावलं, फक्त घड्याळ मागे घेतलं. सकाळी काका बांधावरून गोदामाच्या धक्क्याकडे गेले, तेव्हा हा होडीवर नव्हता, तिथेच होता." मग ती रघूकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "दुसऱ्या फेरीतला भिजलेला माल काय होता, रघू?"

"रघू, तोंड सांभाळ," मनोज म्हणाला.

"अंबाडीपल्याड माझं घर हाय, शेठला ठाऊक हाय," रघू कुमारला म्हणाला. "साहेब, माझी म्हातारी तिथं एकटी हाय."

"तुझ्या गावी आत्ता माणूस पाठवतो," कुमार म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे फोन लावला. रघू फोन संपेपर्यंत थांबला. मग तो भिंतीला धरून खाली बसला.

"गठाण हाय म्हनले. निळ्या प्लास्टिकात बांधलेली. सडलाय माल, रेतीच्या धक्क्याम्होरं सोड, समुद्र घेऊन जाईल. मी पायाकडनं धरली. गठानीला पाय नसतात, साहेब. मला तवाच कळलं. मी सोडली."

मनोजने वकिलाला फोन करायची परवानगी मागितली.

कुमारने गणिताचा कागद पुन्हा पुढे ओढला. "एक कळत नाही," तो म्हणाला. "पाच किलोमीटर खाली टाकलेला माणूस पाड्यावर कसा आला?"

"सहा मिनिटांना एक किलोमीटर म्हणजे तासाला दहा," मृणाली म्हणाली. "चार मिनिटांना एक, म्हणजे पंधरा. होडी साडेबाराने चालत होती आणि पाणी अडीचने. अडीचच्या पाण्याला पाच किलोमीटर यायला दोन तास लागतात. दुपार कलल्यावर टाकलेलं माणूस दिवेलागणीला पाड्याला पोचतं. प्लास्टिकात हवा अडकली होती, म्हणून ते तळाला गेलं नाही." तिने मनोजकडे बोट दाखवलं. "याला वाटलं, समुद्र नेईल. याने भरती-ओहोटी बघायची केव्हाच सोडली होती."

८

भावेश दोन दिवसांनी सुटून आला. ओट्यावर चढायच्या आधी तो आईच्या पायाशी बसला आणि उठलाच नाही. गुणाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बापाशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, हे कोणत्याही कोर्टात सुटणारं नव्हतं, आणि तिघांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या सकाळी बांधावर भराव टाकायला डंपर आले. मनोज कोठडीत होता, पण त्याचे भागीदार बाहेर होते, आणि त्यांच्याकडे भावेशच्या सहीचा कागद होता. पहिल्या डंपरने मागची फळी उघडली, तेव्हा भावेश धावत जाऊन चाकासमोर उभा राहिला.

"सही तुझीच ना?" मुकादमाने खिडकीतून विचारलं.

"माझी हाय," भावेश म्हणाला. "कोठडीत घेतली. जमीन एकट्या माझी न्हाय."

गुणाबाई बांधावरून चालत आली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. डंपरच्या पुढ्यात, ओल्या मातीत, ती मांडी घालून बसली. "माजा अंगठा कुठं हाय त्या कागदावर?" ती म्हणाली. "दाखव."

मुकादमाने कागद उलटा-सुलटा केला. मृणाली जाऊन काकीच्या शेजारी बसली. तिच्या साडीला चिखल लागला, शाळेची वेळ होत आली होती, पण ती उठली नाही. मग मोरू आला, मग निवट्या पकडणाऱ्या चौघी आल्या. खालच्या अंगाला बार्जची धडधड चालूच होती. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, फळी वर ओढली आणि भरलेली गाडी तशीच मागे घेतली. त्याच्यामागचा डंपर मात्र जागचा हलला नाही. तो वाट पाहत उभा होता, आणि बांधावरची माणसंही बसून राहिली.